गोदाक्काचं प्रस्थान

गोदाक्का गेली हे मला कुणी येऊन सांगावं लागलं नाही. सकाळी मी पडवीत तांदूळ निवडत होते आणि वरच्या अंगाच्या घरातून तिच्या सासूचा हंबरडा ऐकू आला. सुपातले हात सुपातच राहिले. उठून धावण्याआधी मी मागं वळून माजघरातल्या खुंटीकडे पाहिलं. खुंटीवर लाल खणात बांधलेलं गाठोडं होतं, इतकी वर्षं होतं तसंच. आदल्या संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसले होते. तापानं तिचे ओठ फुटले होते, डोळे उघडत नव्हते, तरी तिनं तेवढंच विचारलं, "मास्तरीणबाई, खुंटीवर हाय न्हवं?" मी म्हटलं, "आहे की, कुठं जातंय?" आता ती गेली होती आणि ते तिथंच होतं. मला त्या गाठोड्याची एवढी धास्ती वाटली, की त्याच्याकडे पाठ न करता भिंत धरधरून मी अंगणात उतरले.

तशी मी जन्माचीच भित्री. सांगलीत, भरल्या वस्तीत वाढलेली मुलगी. मास्तरांशी लग्न होऊन पाटणकडच्या या डोंगरातल्या गावात आले ती दिसेल त्याला घाबरत आले. पाचोळा वाजला की साप, झुडूप हललं की बिबट्या. गोदाक्का माझ्याच वयाची, पण सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. तिचा नवरा यशवंता पलटणीत होता. घरात ती आणि सासू दोघीच. पहिल्याच आठवड्यात पाणवठ्यावर सरडा पाहून मी घागर टाकून पळाले, तेव्हा माझी घागर भरून ती दारात आली आणि म्हणाली, "सरडाबी तुमाला भिऊन पळाला बगा." तिथून आमचं गूळपीठ जमलं. गंमत अशी, की बिबट्याला न भिणारी ही बाई शहराला मात्र फार भ्यायची. पाटणच्या बाजारापलीकडं ती कधी गेली नव्हती. सांगलीत विजेचे दिवे आहेत म्हटल्यावर तिनं विचारलं, "आन ती वीज अंगावर पडत न्हाई व्हय?"

ते दिवसच भीतीचे होते. तिकडे लढाई चालली होती आणि आमच्या गावात घराआड घर एकेक माणूस पलटणीत गेलेला. चळवळीतल्या पोरांना शोधत पोलीस यायचे, कणग्या उपसायचे, ते वेगळंच. पण बायकांना खरी भीती टपालवाल्याची. तो पूर्वेच्या वाटेनं यायचा आणि त्या अंगाचं पहिलं घर आमचं. तार असली की तो मान खाली घालून चालतो, अशी सगळ्यांची समजूत होती. त्यामुळे त्याची मान आधी मला दिसायची, आणि वरच्या अंगाला उंबऱ्यात उभी राहिलेली गोदाक्का माझ्या तोंडाकडे बघायची. मी हात हलवला की ती आत जायची. हात हलवायला मला कधी थोडा वेळ लागला, तर तेवढ्यात तिच्या जिवाचं काय होत असेल... मला आजही तो विचार नको वाटतो.

या भीतीवर उतारा म्हणून आम्ही सांगली काढली. यशवंता रजेवर आला की जोडीनं आठवडाभर सांगलीला जायचं, माझ्या माहेरी उतरायचं, असं तिनं मनाशी घेतलं होतं. दुपारी कामं उरकली की ती पदरात चिंचोके घेऊन यायची. सारवलेल्या जमिनीवर सात चिंचोके मांडायचे, एक चिंचोका म्हणजे एक दिवस. पहिला दिवस कराडपर्यंत मोटार आणि पुढं आगगाडी. दुसऱ्या दिवशी गणपती आणि कृष्णेचा घाट. तिसऱ्या दिवशी चिंचांच्या सावलीतून चालत हरिपूर. मग मिरजेला सतारी करणाऱ्यांची गल्ली, मग नरसोबाची वाडी, मग परतीच्या वाटेवर नावेतून औदुंबर. सातवा चिंचोका ती उंबऱ्याजवळ ठेवायची, म्हणायची, "ह्यो घरी यायाचा." रोज काहीतरी बदलायचं. वाडीला दोन दिवस पाहिजेत, मग मिरज कशाला, मग मिरज नाही तर सतार कुठं बघायची, यावर आम्ही भांडलोसुद्धा. हरिपूरची मात्र तिला ओढही होती आणि भीतीही. तिथं जमिनीखालच्या पेवांत हळद साठवतात. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, उतरलेला माणूस गुदमरून मरतो. आधी कंदील सोडून बघतात, तो जळत राहिला तरच माणूस उतरतो, असं मी सांगितलं तेव्हा तिनं हातातला चिंचोका खाली ठेवला. मग म्हणाली, "आमच्या मालकांच्या आदी कोन कंदील सोडत आसंल का वो तिकडं?"

एका पावसाळ्याअखेरी शेजारच्या वाडीचा एक शिपाई रजेवर आला आणि यशवंताचा निरोप घेऊन आला. दसऱ्याच्या मागंपुढं येतोय, सांगलीची तयारी ठेव. गोदाक्काचे पाय जमिनीवर ठरेनात. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला चांगला दिवस बघतात. त्या दिवशी निघणं जमत नसेल, तर मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड कापडात बांधून ते गाठोडं जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवतात. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं निघालं की माणूस निघाला असं धरायचं आणि प्रवास होईपर्यंत ते घरात परत न्यायचं नाही. दोघांच्या नावांना जुळणारा जवळचा चांगला दिवस दसऱ्याआधीच मिळत होता. पुढचा पार दिवाळीनंतर. रजेचे दिवस मुहूर्ताची वाट बघण्यात वाया जातील म्हणून तिनं दोघांचंही प्रस्थान एकत्र बांधलं. स्वतःचा लाल खण, आत यशवंताच्या जुन्या पटक्याचा तुकडा, दोन सुपाऱ्या, तांदूळ. सांगलीची वाट पूर्वेची आणि त्या अंगाचं गावातलं शेवटचं घर आमचं, तेव्हा ते आमच्या खुंटीवर आलं. ते टांगताना ती लाजून हसत होती.

सासूला कळलं तशी म्हातारी काठी टेकत आमच्या दारात आली. रागावलेली मी तिला पुष्कळदा पाहिली होती, घाबरलेली पहिल्यांदाच पाहिली. "आगं, ज्यो घरात न्हाई त्येचं पस्तान ठिवलंस?" ती सुनेला म्हणाली. "ल्योक आजून आत आला न्हाई, तवर त्येला भायेर काढलंस?" गोदाक्काच्या तोंडावरचं हसू गेलं. तिघी त्या खुंटीखाली उभ्या होतो. परत न्यावं तर प्रवास मोडला, म्हणजे येणारा माणूस वाटेत अडला. ठेवावं तर घरात नसलेला माणूस पुन्हा घराबाहेर काढल्यासारखा. काय करावं ते कुणालाच सुचेना आणि गाठोडं तिथंच राहिलं.

दसरा गेला, दिवाळी गेली. यशवंता आला नाही, निरोप नाही, काही नाही. मास्तर मला समजावायचे, की लढाईत रजा रद्द होतात, त्याचा कापडातल्या तांदळाशी काय संबंध. त्यांचं म्हणणं मला पटायचं, आणि तरी एकटी असले की मी त्या खोलीत पाऊल टाकत नसे. गोदाक्का यायची ती आता आधी खुंटीकडे बघायची, मग चिंचोके मांडायची. पूर्वी मजेनं मांडायची, आता भीतीनं. एखादा दिवस चुकला तर तिकडं काही होईल असं तिच्या मनानं घेतलं होतं. अंगात कणकण असली तरी यायची. आम्ही दोघी त्या वेळी सांगली एवढी फिरलो, की माझ्या माहेरच्या माणसांनी तेवढी पाहिली नसेल.

लढाई संपल्यावर, कुणाला काही न कळवता, एका दुपारी यशवंता पूर्वेच्या वाटेनं चालत आला. मीच त्याला आधी पाहिलं. मी हात हलवायच्या ऐवजी ओरडले. हातपाय धड होते, तोंडावर जखम नव्हती. गोदाक्का पळत आली आणि चार पावलांवर थांबून नुसती बघत राहिली. वाटलं, सुटलो सगळे. पण यशवंता घरात जाईना. बाहेरच्या कट्ट्यावर बसला तो तिथंच जेवला, तिथंच झोपला. आत छपराखाली गेलं की त्याचा श्वास कोंडायचा, अंगाला दरदरून घाम फुटायचा. थंडी असो, पाऊस असो, पोतं पांघरून कट्ट्यावरच. आणि वेशीबाहेरही जायचा नाही. मोटारीचा आवाज आला की तो कट्टा घट्ट धरून बसायचा. गोदाक्कानं एकदा त्याला हरिपूरचं सांगायला घेतलं. पेवाचं नाव निघताच तो उठून गोठ्यामागं निघून गेला. त्यानंतर तिनं त्याच्यापुढे सांगलीचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, आपण दोघी जाऊन येऊ. ती म्हणाली, "जोडीनं ठिवलंय, जोडीनंच जायाचं." म्हातारी मात्र कट्ट्याकडे बघून पुटपुटायची, "आला खरा, पर आजून आत आला न्हाई." सुनेशी ती प्रस्थान टांगलं त्या दिवसापासून कामापुरतंच बोलायची. लढाईपासून दोन-तीन वर्षं अशीच गेली, आणि यंदा पावसाळ्याच्या शेवटी विषमज्वरानं गोदाक्काला नेलं.

दिवसकार्य झालं आणि म्हातारी पुन्हा माझ्या दारात आली. उभं राहवत नव्हतं तिला. खुंटीकडे न बघता म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमचं म्हायार हाय तितं. दोगांस्नी फिरवून आना." मला नाही म्हणता आलं नाही. मोटारीत गाठोडं मांडीवर होतं, आगगाडीतही. खाली ठेवायची छाती होईना. भावानं विचारलं तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. गणपतीला गेले, घाटावर बसले, मिरजेच्या गल्लीत एकानं तार छेडली ती उभी राहून ऐकली. वाडीला गेले, औदुंबरच्या नावेत भीतीनं डोळे मिटून बसले. हरिपुरात एक पेव उघडलं होतं. गड्यानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. मी गाठोडं छातीशी घट्ट धरून वाकून बघत राहिले... कंदील खाली गेला, बारीक झाला, पण जळत राहिला. मी तिथंच, माणसांच्या देखत, रडायला लागले.

सातव्या दिवशी गावात शिरले ती आमच्या घरी न थांबता सरळ वर गेले. यशवंता कट्ट्यावर बसला होता. म्हातारी दारात आली, माझ्या हातात काय आहे ते बघितलं आणि म्हणाली, "थांबा." आतून भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळावा तसा तिनं तो तुकडा गाठोड्यावरून ओवाळला, लांब टाकला, आणि पाणी माझ्या पायांवर घातलं. मग त्या लाल खणाला हात लावून म्हणाली, "आलीस व्हय गं, गोदे? लय दिस लावलंस... त्येलाबी आनलंस न्हवं?" इतक्या वर्षांत तिनं सुनेला अशी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

यशवंता उठला. त्यानं माझ्या हातातून गाठोडं घेतलं, गाठ चाचपली, उंबऱ्याशी आला आणि थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हातारीनं माझं मनगट धरलं होतं. मग चौकटीला धरून, मान वाकवून, तो आत गेला.

तो फार वेळ आत राहिला नाही. रात्री कट्ट्यावरच झोपला, असं म्हातारीनं सांगितलं. पण हल्ली जेवायला आत येतो म्हणे, चुलीसमोर, गोदाक्का बसायची तिथं. आमची खुंटी आता मोकळी आहे. मास्तर तिच्यावर टोपी अडकवायला गेले की मी ती काढून दुसरीकडे ठेवते. टपालवाला वाटेवर दिसला की अजून माझा हात आपोआप वर जातो, आणि मग लक्षात येतं की वरच्या उंबऱ्यात कुणी उभं नाही.