आंब्याच्या बागेतला ओला टॉवेल

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन मला येत नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. आमचे हे पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी आपल्या बऱ्याच केसी लिहून काढल्या, पण ही एक लिहिली नाही. विचारलं तर म्हणाले, "ती तू लिही. तूच तिच्याजवळ बसली होतीस." म्हणून लिहिते. नाव कोणाचंच घालत नाही.

ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही तेव्हा श्रीवर्धनच्या बाजूला एका दूरक्षेत्राला, म्हणजे ठाण्याच्या हाताखालच्या लहान चौकीला होतो. पुढे दोन खोल्यांची चौकी आणि मागे आमचं क्वार्टर. आंब्याला मोहर आला होता आणि बागाबागांतून फवारणीचे पंप चालू होते. मी स्वयंपाकघरात होते. चौकीसमोर गलका झाला. एक तरुण आपल्या वहिनीला दंडाला धरून घेऊन आला होता आणि मागे अर्धी वाडी.

"साहेब, हिनं माझ्या भावाला मारलान! चायेतनं दवा पाजलान!"

हकिगत अशी होती. त्याचा भाऊ बागेत तुडतुड्यांवर औषध मारत होता. बायकोने आणलेला चहा तो प्यायला आणि थोड्याच वेळात कोसळला. तोंडाला फेस, सगळं अंग घामाने निथळलेलं. माणगावच्या दवाखान्यात नेताना रस्त्यातच तो गेला. सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. आणि बाईने थर्मास लगेच धुऊन ठेवला होता.

"कशाला धुतलान थर्मास? इचारा तिला!" दीर ओरडत होता.

यांनी आधी जमाव बाहेर काढला, ठाण्याला फोन करून अकस्मात मृत्यूची खबर दिली आणि थर्मास जप्त केला. बाईमाणसाला पुरुषांच्या खोलीत एकटं बसवायचं नाही, हा यांचा नेम. ठाण्याची महिला पोलीस यायला वेळ होता. म्हणून मला हाक आली.

हवालदार म्हणाला, "काय वहिनी, आज ड्युटीवर? हजेरीला नाव टाकू का?" मी पदर सारखा केला आणि बाकावर तिच्याशेजारी बसले. परक्या माणसांत मला बोलता येत नाही. मी फक्त तिचा हात धरला. हात गार होता.

यांची विचारायची पद्धत ठरलेली. ओरडायचं नाही. सकाळपासून सगळं सांगायला लावायचं, मग उलट्या बाजूने, मग मधूनच. हे म्हणतात, खोटं सांगणारा दर वेळी तेच शब्द बोलतो. खरं सांगणाऱ्याला दर वेळी काहीतरी नवीन आठवतं.

"भांडण कशावरून?"

"कालपासनं डोकं दुखत होता त्यांचा. मी म्हटला, आज नका जाऊ. म्हणाले, मोहर काय माझ्यासाठी थांबणार हाय?"

"थर्मास का धुतला?"

"चाय झाली की धुतातच ना, साहेब. तवा ते चांगले होते." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी नाय धूत, वयनी?"

मी मान हलवली. मीही धुतेच.

तिसऱ्या वेळी सांगताना ती म्हणाली, "चाय दिली, मंग टॉवेल भिजवून बांधला नि मी लाकडं गोला करायला गेले."

हे लिहिता लिहिता थांबले. "कुठला टॉवेल?"

"तोंडाला बांधायचा. सुका टॉवेल दवा अडवत न्हाय, ओला अडवतो. सगलेच बांधतात."

"कितीदा भिजवलास?"

"सुकला की. ऊन लय होता."

"कशात?"

"बादलीत. बागेत बादली एकच हाय. आदी तिच्यात दवा कालवतात, मंग तीच विहिरीत सोडतात. पाणी चांगला साफ दिसत होता, साहेब."

यांनी आमच्या दोरीवरचा टॉवेल मागवला, हवालदाराला स्टुलावर बसवलं आणि तिला म्हणाले, "कसा बांधायचीस ते दाखव."

तिने टॉवेल भिजवला, पिळला, उलगडून नीट घडी घातली. हवालदाराच्या नाकावरून घेऊन मागे गाठ मारली. मग दोन्ही बाजूंनी बोट फिरवून फट राहिली का ते बघितलं.

"बाई, मला श्वास तरी घेऊ दे," हवालदार आतून म्हणाला.

"ते बी असाच बोलायचे," ती म्हणाली, आणि तिचे हात हवेतच राहिले.

 हवालदाराने टॉवेल सोडला आणि बाहेर जाऊन तोंड धुतलं.

हे पंच घेऊन बागेत गेले. पंचनाम्यात झाडाखालचा टॉवेल मिळाला, औषधाचा वास मारत होता. बादलीच्या बुडाला पांढरट थर होता. त्याच्या जोडीला असलेला पंपवाला म्हणाला, समुद्राचा वारा सुटला तरी त्यांनी काम थांबवलं नव्हतं. फवाऱ्याचा बांबू वर धरून शेंड्याला मारायचं, वरचे तुषार सगळे खाली तोंडावर. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, हे नाकातोंडातून आणि कातडीतून गेलेलं दिसतं. पुढे तपासणीचा अहवालही तसाच आला. पोटात औषध नव्हतं. टॉवेलात होतं.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी हे बागेतून परत आले आणि तिला म्हणाले, "तुझ्यावर काही नाही. तू जाऊ शकतेस."

ती उठली नाही. "मंग त्यांना कशानं झाला?"

चोर-दरोडेखोरांसमोर न अडखळणारा माणूस, पण हे माझ्याकडे बघायला लागले.  शेवटी यांनीच सांगितलं, हळू आवाजात.

तिने आपले तळवे उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "म्हंजे दीर बोलला ता खोटा न्हाय. चायेतनं न्हाय, टॉवेलातनं."

"तसं नाही बाई," हे म्हणाले. तिने ऐकलं नाही.

सासरच्यांनी तिला घरात घेतलं नाही. यांनी दिराला बोलावून समजावलं. तो म्हणाला, "कागदावर काय पन लिवा साहेब. हात तिचाच ना?" दहन आटोपल्यावर मी तिच्या हातात एसटीच्या भाड्याचे पैसे कोंबले आणि तिला माहेरच्या गाडीत बसवून दिलं.

नंतर यांनी कृषी खात्याच्या माणसाला बोलावून चावडीवर सभा घेतली. औषध कालवायची बादली वेगळी ठेवा, तिला दुसरं काम नाही. हाताने नाही, काठीने ढवळा. अंगभर कपडे घाला आणि नाकाला फडकं नको, मास्क लावा. फवारणी सकाळी लवकर, वाऱ्याकडे पाठ करून. वारा सुटला की औषध मोहरावर बसत नाही, मारणाऱ्यावर बसतं, म्हणजे औषधही फुकट आणि माणूसही. मधे चहाविडी नको. अंग ओलं झालं तर लगेच साबणाने धुवा, चक्कर आली तर औषधाची बाटली घेऊन दवाखाना गाठा. लोकांनी माना हलवल्या. पुढच्या मोहराला चौकीसमोरून माणसं बागेत जात होती, तोंडाला ओले टॉवेल बांधून. हे उठून एकेकाला थांबवायचे. "मास्कमधे जीव घुसमटतो साहेब, ह्यो गार लागतो," असं म्हणायचे आणि पुढे जायचे. शेवटी यांनी थांबवणं सोडलं.

या केसमधून मला एवढंच कळलं. दिराचा आळ खोटा होता, तो तिने सोसला असता. आम्ही तो काढून घेतला आणि त्याच्या जागी खरी गोष्ट दिली. ती कशी सोसायची ते पोलिसांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

आमची बदली व्हायच्या आधी ती एकदा क्वार्टरवर आली होती. खूप वाळली होती. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाली, "नको वयनी. माझ्या हातची चाय कोन घेत न्हाय. मंग मी कुनाची घेऊ?"

मी तिथेच उभी राहिले.  तिने कनवटीची गाठ सोडली आणि भाड्याचे पैसे माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणून हात उघडाच ठेवला, तर तिने माझी बोटं स्वतः मिटवली आणि निघून गेली. पैसे पूर्ण होते.