दानम्माचा तीन थरांचा केक

दानम्मा माझी सून. माझा मुलगा गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. वर्षभर भिंतीकडं बघत बसली आणि एक दिवस उठून तिनं कुकरमध्ये केक लावला. बिनअंड्याचा, कारण आमच्या लिंगायताच्या घरात अंडं चालत न्हाई. तो पहिला केक असा टणक झाला की मी म्हणले, "दानम्मा, खलबत्ता काढू का?" ती हसली. वर्षानं हसली, म्हणून तो मी अख्खा खाल्ला.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात उदगीरच्या बसलिंगप्पा शेटनं लेकीच्या साखरपुड्याला तिच्याकडून तीन थरांचा केक मागवला. शेट मोठा माणूस. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून जेवढे मोर्चे निघाले, त्या सगळ्यांत पुढं. हा केक नीट उभा राहिला तर गाव तिला केकवाली दानम्मा म्हणंल, अमक्याची विधवा म्हणायचं सोडंल, एवढीच तिची आस.

तीन थर घरून रचून नेता येत न्हाईत, आमचे रस्ते तसे न्हाईत. थर वेगळे न्यायचे आणि तिथं रचायचे. खालच्या थरात सरबताच्या असतात तसल्या जाड नळ्या खोचायच्या, वरून बरोबर कापायच्या, मग पुठ्ठ्यासकट वरचा थर ठेवायचा. भार नळ्या घेतात. न्हाईतर खालचा केक दबतो. मी रोज शेजारी बसून बघायची, म्हणून मला सगळं ठाऊक.

हॉलच्या दारात शेटची बायको जगदेवी आडवी आली. लई गोड बोलली.

"दमली असशील गं. बाहेर पंख्याखाली बस. मांडायचं आमच्या सवाष्णी करतेत."

"काकू, आत नळ्या खोचाव्या लागतेत. मला पाच मिनिटं लागतील."

"हाव, पण शुभकार्य हाय. तुला का सांगावं लागतं?" मग तिनं माझ्याकडं बघितलं. "आजी, तुम्हीच समजावा की."

मी बी विधवाच, चाळीस वर्षं असल्या कार्यात मागच्या रांगेत बसत आले. अंगवळणी पडलंय. मी म्हणले, "बस गं दानम्मा. कशाला वाद."

ती बसली. नळ्यांची पिशवी जगदेवीच्या हातात देऊन कुठं किती खोचायच्या ते सांगायला लागली, तर "समजलं, समजलं" म्हणत ती आत गेली. थर एकावर एक ठेवले गेले. नळ्या सरबताच्या ग्लासांत गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं, लेकरं त्याच नळ्यांनी सरबत ओढत होती. मी तरी उठले न्हाई.

मुलामुलीनं सुरी लावली आणि वरचे दोन थर तिरपे होत खाली बसले. आतून कुणीतरी म्हणालं, "विधवेचा हात लागला, दुसरं काय व्हणार." लोकांनी केक खाल्ला मात्र. चमच्यानं गोळा करून, प्लेट पुसून खाल्ला.

येताना ऑटोत ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला नळ्यांचं ठाऊक होतं."

"मोठी माणसं, दानम्मा."

"तुम्हाला दुसऱ्यांनी बसवलं. मला तुम्ही बसवलं."

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलती. उदगीरचा जिल्हा झाला न्हाई, शेट अजून मोर्चे काढतो. आणि साखरपुड्याचा केक विचारायला कुणी आलं की दानम्मा आधी सांगती, "रचायला मी आत येणार."

गेल्या आठवड्यात देगलूरहून एक बाई आली होती. ते ऐकून तिनं माझ्याकडं बघितलं. वडीलधारी म्हणून मी काहीतरी मधला मार्ग काढीन, असं तिला वाटलं असंल.

मी म्हणले, "तीच रचंल. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई."

"घरी विचारून सांगते," बाई म्हणाली आणि चप्पल घालून गेली. ती काही परत यायची न्हाई. दानम्मा माझ्याकडं न बघता आत गेली आणि वाढदिवसाच्या एका थराच्या केकसाठी मैदा चाळायला बसली.