मी मीच कशावरून?

"उघडू नका, ताई. आधी इचारा, मी मीच कशावरून?"

आमच्या दाराची कडी वाजली की पाठोपाठ हा आवाज यायचा. दारात उभ्या असलेल्या माणसानं स्वतःवरच संशय घ्यायला सांगावं, हे मी तरी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. दाराच्या फटीतून त्यांची चौकड्यांची लुंगी आणि हातातली कोथिंबिरीची जुडी स्पष्ट दिसायची. तरी मी विचारायची, "कशावरून?" मग ते खूश होऊन म्हणत, "जेवण झालं का ताई? नळ आला होता का?" आणि मी कडी काढायची.

इतवारा पेठेत आमच्या समोरच्या माडीवर ते एकटे राहत. सगळी नोकरी बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत गेलेली. खंडव्याच्या बाया, जळगावचे केळीवाले, इंदूरचे साहेबलोक असे सगळे त्या खिडकीशी येऊन वैतागलेले, आणि त्यांची बोलणी यांच्या कानात जशीच्या तशी राहिलेली. हे मला नंतर कळलं. ते राहायला आले तेव्हा दुपारभर त्यांच्या बंद खिडकीतून आवाज यायचे. आधी कुणी बाई निमाडी बोलीत रडायची, मग एक साहेब हिंदीतून दरडावायचा. जिन्यावरून मात्र कुणी उतरताना दिसायचं नाही. मी मुळात संशयी स्वभावाची. या माणसापासून चार हात लांब राहायचं, असं मी माझ्या आत्याला बजावून ठेवलं होतं.

खुलासा झाला तो एका रविवारी. गल्लीतल्या मारुतीच्या ओट्यावर त्यांनी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. एकीवर आपण बसायचं, दुसरीवर ते. ते कुणाकुणाचे आवाज काढून फोनवर बोलावं तसं बोलणार, आणि पलीकडचा माणूस खरा की भामटा हे आपण ओळखायचं. असले फोन तुम्हालाही येत असतील, तेव्हा भामटे काय करतात ते वेगळं सांगत नाही.

बजावून ठेवलेली माझी आत्याच सगळ्यांत आधी जाऊन बसली. पाठीमागं कोण आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी इंदूरच्या साहेबानं "माताजी, आपका खाता बंद हो रहा है" म्हटल्याबरोबर तिनं पदर सावरला आणि मनाला येईल तो आकडा ओटीपी म्हणून सांगून टाकला. सगळे हसले. आत्या म्हणाली, इतकं अदबीनं बोलून राहिला होता, त्याला नाही कसं म्हणायचं?

ही शिकवणी गल्लीत चांगलीच भिनली. शेजारच्या वहिनींनी तर स्वतःच्या जावयाला फोनवर विचारलं की लग्नाच्या पंगतीत गोड काय होतं. जावयाला आठवेना, वहिनींनी फोन ठेवून दिला. दिवाळीला जावई आले ते तोंड फुगवूनच.

मलाही ते खुर्चीवर बसवू पाहत. कधी तरी तुम्ही कुणाचा आवाज काढून बघा, म्हणत. मी शाळेत मराठी शिकवते, माझी भाषा सरळ पुस्तकातली. मला सोंगं जमत नाहीत, असं सांगून मी दर वेळी सुटका करून घ्यायची.

ते हे सगळं का करतात, ते मला आत्याकडून कळलं. पण कळल्यावर संशय गेला नाही, उलट वाढला. असीरगडच्या पायथ्याच्या गावात त्यांची थोरली बहीण असते. तिला एकदा फोन आला होता, "अक्का, मी बोलतो. गाडीनं उडवलं मला, लगेच पैसे पाठव." आवाज भावाचा, बोलण्याची लकबही भावाची. नुकतेच हाती आलेले कापसाचे पैसे तिनं सगळेच्या सगळे पाठवून दिले. तो फोन माझा नव्हता, असं हे जीव तोडून सांगत राहिले. पण जगाच्या नकला करणाऱ्या भावाची नक्कल दुसरं कुणी करेल, हे बहिणीला पटेना. तिची राखी यायची बंद झाली. ती यांचे फोन घेईना. गल्लीतही कुजबुज होतीच.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, तो फोन खरंच तुमचा नव्हता ना? ते रागावले नाहीत.

"घ्या ना संशय, घ्यालेच पाहिजे," ते म्हणाले. "पण ताई, लहेजा कोणीबी उचलते. आपला माणूस फोनवर कामाचं आधी बोलत नाही, आधी जेवण इचारते. मले अक्काले एवढंच इचारायचं आहे, त्या फोनवाल्यानं जेवण इचारलं होतं का?"

मी म्हटलं, गाडीनं उडवलेला माणूस जेवणाची चौकशी करत बसेल का?

"मी इचारीन," ते म्हणाले.

मला काही ते पटलं नाही. माणूस बोलण्यात हुशार आहे, एवढीच मी मनाशी नोंद केली.

पुढं एका रविवारी दुपारी माझा फोन वाजला. त्यांचाच नंबर होता. आवाज मात्र खोल, धाप लागलेला.

"ताई... जेवण झालं का?"

झालं, म्हटलं.

"नळ... आला होता?"

मला कंटाळा आला. नवं सोंग बसवत असणार, कुणा दमेकऱ्याचं. "आज कुणाचा आवाज काढलाय?" मी विचारलं.

त्यांनी कसाबसा श्वास ओढला. मग ते म्हणाले, "आज माझाच आहे. जरा वर येता का?"

मी चप्पल न घालता धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. ते भिंतीला टेकून बसले होते, हात छातीवर, अंग घामानं भिजलेलं. आत्यानं रिक्षा थांबवली, आम्ही दवाखाना गाठला, पण ते काही परत आले नाहीत. मोजके श्वास उरलेले असताना त्यातले निम्मे या माणसानं माझ्या जेवणाला आणि नळाला दिले होते. मला वाचवा म्हणायच्याही आधी, मी मीच आहे हे त्यांना पटवून द्यावं लागलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तेराव्याला अक्का आल्या. वाकलेल्या, कुणाशी न बोलणाऱ्या. मी त्यांच्याजवळ बसून त्या शेवटच्या फोनचं सगळं सांगितलं.

"त्या मेल्यानं जेवणाचं नव्हतं इचारलं," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या पैसेच."

मग त्यांनी माझा हात धरला. "कसा बोलला तो? मले बोलून दाखव."

मला सोंगं जमत नाहीत, हे ओठांवर आलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि पदर कानामागं घेतला. मी डोळे मिटून त्यांच्या भावाचा तो हेल आठवला.

"अक्का," मी म्हटलं, "जेवण झालं का?"

"झालं रे भाऊ," अक्का म्हणाल्या. "तुझं झालं का?"