दादांच्या रणगाड्याचं झाकण

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढं हात जोडतानाही हा विषय टाळते मी. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – ओळखीच्या माणसापुढं माझी जीभच रेटत नाही.

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी, बैठकीच्या भिंतीवर एक रणगाडा आहे. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यानं भरलेला, काचेच्या फ्रेममध्ये. माझे सासरे, दादा, फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत असलाच रणगाडा त्यांनी चालवला होता. येणारा-जाणारा विचारतो, कुणी केलं हो हे? घरचे माझ्याकडं बोट दाखवतात. मी हसते.

त्यातला एकही टाका माझा नाही.

तो केला शाहीननं, माझ्या धाकट्या जावेनं. शहागंजची पोरगी. दिरानं तिच्याशी कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून दादांनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. मग दीरही यायचा बंद झाला. पण ती लई हट्टाची. दादांच्या तरुणपणीच्या, रणगाड्यापाशी काढलेल्या एका फोटोवरून तिनं चौकटीच्या कागदावर स्वतः नमुना काढला, गुलमंडीतून हिरव्या-करड्या धाग्यांच्या लडी आणल्या, डोळे फोडून भरत बसली. आणि गुपचूप माझ्या हाती दिला. म्हणाली, "भाभी, आधी बघू द्या त्यांना. आवडला की मग माझं नाव सांगा. आधी सांगितलं तर बघणार पण नाहीत."

दादांनी बघितला. कितीतरी वेळ बघितला. टाक्यांवरनं बोटं फिरवली अन् त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "सूनबाई, तू केलंस?"

आता सांगायचं होतं ना? एवढंच तर काम होतं माझं. पण त्या माणसानं इतक्या वर्षांत माझ्या हातच्या भाकरीला कधी बरी म्हटलं नव्हतं – आणि आज माझ्याकडं असं बघत होते. मी हो म्हणाले. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी नाही सांगितलं. तिसऱ्याही नाही.

इथंच थांबलं असतं तर – नाही, तेही वाईटच होतं. पण थांबलं नाही. दादांना त्यात एक चूक दिसली. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं लोखंडी झाकण बंद होतं. म्हणाले, गोळीबार सुरू होईपर्यंत आम्ही ते उघडं ठेवायचो, डोकं बाहेर काढून चालवायचो. तेवढं उघडं कर. मला कुठलं येतंय? मला बटण लावता येत नाही धड. मी कापड पिशवीत घातलं अन् शाहीनकडं गेले. म्हटलं, दादांनी बदल सांगितलाय.

तिचा चेहरा – काय सांगू तुम्हाला. "माझं नाव कळल्यावर सांगितला?"

"व्हय," मी म्हणाले. का म्हणाले? मला चोर ठरायचं नव्हतं, बस.

ती रडली. रडता रडताच तिनं जुने टाके उसवले, झाकण उघडं केलं, आणि त्यातून बाहेर आलेलं दादांचं डोकंही भरलं. त्यानंतर ती बोलावण्याची वाट बघत राहिली. मला फोन करायची, आडून आडून विचारायची. मी विषय बदलायचे.

गेल्या हिवाळ्यात दादा गेले. त्या दिवशी शाहीन पहिल्यांदा घरात आली. बाहेर बायका रडत होत्या, आणि ती बैठकीत त्या फ्रेमपुढं उभी. मी पाणी घेऊन गेले. तिनं पेला घेतला, पण प्यायली नाही.

"भिंतीवर लावला त्यांनी," ती हळूच म्हणाली. "मी केलाय हे ठाऊक असून लावला. पण मला एकदाही बोलावलं नाय. एवढा राग होता, भाभी, माझा?"

दादा शेजारच्या खोलीत होते, अजून उचललं नव्हतं त्यांना. खरं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "होता."