रहीमचाचांची सनद

मोहर्लीच्या जंगलाच्या गेटवर आम्हा सफारीच्या जिप्सीवाल्यांच्या वाट्याला वाघ कमी आणि वाट पाहणं जास्त. सकाळची फेरी संपली की दुपारपर्यंत मोहाच्या झाडाखाली बसायचं. अशा बसण्यातून किस्से साचत जातात, आणि आमच्याकडचे निम्मे रहीमचाचांचे आहेत.

चाचा आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांच्या डॅशबोर्डवर एका इमामसाहेबांचं चरित्र असतं. फार जुन्या काळी गावोगाव फिरून पैगंबरांची वचनं, म्हणजे हदीस, गोळा करणारे ते विद्वान. चाचा रोज थोडं वाचून दाखवतात आणि आम्ही मारुतीला नारळ फोडणारे सगळे कान देऊन ऐकतो.

* * *

एका वचनासाठी इमामसाहेब महिना-महिना प्रवास करत, असं चाचांनी वाचलं.

आमच्यातला विठ्ठल म्हणाला, "मोबाईल असता तर तरास वाचला असता न चाचा."

"मोबाईल असता तर फॉरवर्ड केलं असतं. इमाम कशाले झाले असते?"

* * *

वचन ऐकलं की इमामसाहेब आधी विचारत, तुला हे कोणी सांगितलं? आणि त्याला कोणी? या साखळीला सनद म्हणतात. मधला एक माणूस जरी कच्चा निघाला तरी वचन बाद.

चाचांनी ही पद्धत वाघांना लावली. एकदा विठ्ठल धावत आला, "तलावावर वाघीण हाय, पिल्लं घेऊन!"

"कोणं सांगतलं?"

चहावाल्यानं. चहावाल्याला कोरपन्याच्या एका पाहुण्यानं. पाहुण्याला गाठलं, तर तो अजून जंगलात शिरलाच नव्हता. "सनद कमजोर," म्हणून चाचांनी गाडी दुसरीकडे घातली. बाकी सगळ्यांना तलावावर वाघीण दिसली, पिल्लांसकट.

चाचा म्हणाले, "वाघीण खरी असन. सनद कमजोरच होती."

* * *

घरी सकीनाचाची म्हणाल्या, भाजीत मीठ बरोबर आहे. चाचांनी सवयीनं विचारलं, "कोणं सांगतलं?"

"मी."

चाचांनी भाजी संपवली. दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाले, "ह्या सनदेले कोणी बोट लावून दाखवावं."

* * *

एकदा इमामसाहेब लांबून एका माणसाकडे वचन ऐकायला गेले. तो आपल्या सुटलेल्या घोड्याला अंगरख्याचा रिकामा पदर दाखवून, दाणे असल्यासारखं बोलावत होता. इमामसाहेब काही न विचारता परत फिरले.

विठ्ठलला ते पटेना. "एवढ्या दूर येऊन वापस?"

"जनावराशी खोटं बोलते, तो माणसाशी काऊन खरं बोलन?"

* * *

मग आमच्या सुरेशवर बालंट आलं. सुरेश गाईड, पोरगा जिवाला जीव देणारा. त्यानं जिप्सी रस्त्याबाहेर पिल्लांजवळ न्यायला लावली, अशी तक्रार होती. गाईडचं कार्ड जाणार, आणि त्याचं घर त्याच कार्डावर चालायचं. त्या दिवशी मागची गाडी चाचांची होती, म्हणून चौकशीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांनी त्यांना बोलावलं.

"तुम्ही सगळे एकमेकांचीच बाजू घेणार," साहेब आधीच वैतागलेले.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या घरून चाचांची शेळी सुटली आणि साहेबांच्या गाडीच्या बोनेटवर चढली. विठ्ठलनं एक डबा चाचांच्या हातात कोंबला. "वाजवा, उतरते."

"रिकामा हाय."

"तिले कुठी समजते?"

"मले समजते न."

खूर पत्र्यावर वाजत होते, साहेब उन्हात उभे होते, आणि सुरेशनं कपाळाला हात लावला होता. चाचा रस्त्यापलीकडे आपल्या घरी गेले, मूठभर चणे आणून डब्यात टाकले आणि मग डबा वाजवला. शेळी उतरली आणि सगळे चणे खाऊन गेली.

साहेबांनी डबा उचलून आत पाहिलं. मग म्हणाले, "चाचा, सुरेशची गाडी रस्ता सोडून गेली होती?"

"नाई साहेब. मी मागंच होतो."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"सुरेश, गेट उघडायची वेळ झाली. निघ."