अर्धंच वाचलेलं पत्र

रस्ता संपतो तिथल्या आरोग्य केंद्रात सिस्टर सत्तावीस वर्षं होत्या. केंद्राला तीन खोल्या. एकीत औषधं, दुसरीत बाकं आणि भिंतीला टांगलेला टीव्ही, तिसरी बाळंतपणाची. त्या तिसऱ्या खोलीत आसपासची निम्मी माणसं जन्मली होती. एखादा मिशा फुटलेला गडी रांगेत अरेरावी करू लागला, की सिस्टर शांतपणे म्हणायच्या, "तुला उलटा धरून रडवलाय मी. आवाज खाली." तो गडी मुकाट मागे जाऊन उभा राहायचा.

मदतीला मावशी होती. केंद्र झाडायचं, भांडी उकळायची आणि कुणाच्या घरात काय चाललंय याची खबर ठेवायची, ही तिची तीन कामं. तिसरं ती सगळ्यात मन लावून करायची.

बावीस वर्षांपूर्वी एक पंचविशीतला डॉक्टर तिथे दोन वर्षं राहून गेला होता. हुशार, गोड बोलणारा, पण पहिल्या बाळंतपणाला तो घाईनं बाळ ओढायला लागला. सिस्टरांनी त्याचं मनगट धरलं आणि हलकेच म्हणाल्या, "ओढायचं नसतं, डॉक्टर. ते येतंय. तुम्ही फक्त हात खाली धरा." तेव्हापासून तो त्यांना ताई म्हणू लागला. जेवायला त्यांच्याच घरी असायचा. सिस्टरांचा नवरा सुतार होता, बोलायला फार कमी. तोसुद्धा डॉक्टर जेवायला नसला की विचारायचा, "आज पोरगा कुठे गेला?"

पुढे तो पोरगा राजकारणात गेला आणि आरोग्यमंत्री झाला.

एका दुपारी, लसीकरणाचा दिवस असताना, केंद्रातला फोन वाजला. एक बाळ कडेवर घेऊनच सिस्टरांनी तो उचलला.

"ताई, मी बोलतोय. ओळखलंत का?"

"आवाज तोच आहे. फक्त आता तो सगळा देश ऐकतो."

तो हसला. मग म्हणाला, "छोट्या बाळंतपणाच्या खोल्यांचं धोरण ठरवायचंय. माझे अधिकारी मला बरं वाटेल तेवढंच लिहून देतात. तुम्ही खरं लिहा. कुठे अडतं, काय चुकतं, सगळं. ते फक्त माझ्यासाठी असेल."

सिस्टर तीन दिवस लिहीत होत्या. आधी कच्चं लिहिलं, मग चार पानांवर पक्कं उतरवलं. मागच्या वर्षी एकशे बारा बाळंतपणं झाली, एकोणीस बायकांना मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं, हे लिहिलं. डॉक्टरची जागा सहा वर्षं रिकामी आहे, वीज जाते, गाडी मागवली की दोन-दोन तास येत नाही. एक बाळ वाटेत गाडीतच गेलं, तेही लिहिलं. त्या ओळीला त्यांचा हात थांबला होता. त्या बाळाबद्दल त्या कुणाजवळच बोलल्या नव्हत्या.

चौथ्या पानावर त्यांनी लिहिलं, 'एकटीच्या जिवावर ही खोली चालवणं आता मला धोक्याचं वाटतं. म्हणून डॉक्टर द्या, गाडी द्या, विजेची सोय करा. पण खोली बंद करू नका. इथून रुग्णालय अडीच तासांवर आहे आणि बाळ अडीच तास वाट बघत नाही.'

नवऱ्यानं पत्र वाचलं. "इतकं खरं लिहायचं असतं का?"

"ज्यानं मागितलं त्यालाच देतेय. परक्याला नाही."

महिन्याभरानं बातमी आली, की सभागृहात आरोग्य धोरणावर प्रश्नोत्तरं आहेत आणि मंत्री स्वतः उत्तरं देणार आहेत. सिस्टरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आपल्या खोलीचं काम होणार. त्या दिवशी बाकांवर जागा उरली नाही. पुढच्याच बाकावर आठवा महिना लागलेली एक सून सासूसोबत बसली होती. मावशीनं टीव्हीवरची धूळ पदरानं पुसली.

विरोधी बाकांवरच्या एक सदस्य उभ्या राहिल्या. "एक्केचाळीस प्रसूतिगृहं सरकार बंद करणार आहे, हे खरं आहे का? असल्यास तिथल्या बायकांनी जायचं कुठे?"

एक्केचाळीस हा आकडा केंद्रात जमलेल्यांपैकी कुणीच ऐकला नव्हता. सगळ्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. त्या टीव्हीकडे बघत राहिल्या.

मंत्री उठले. मोठी रुग्णालयं, नवी यंत्रं, सुरक्षित मातृत्व, सगळं ओघात बोलले. मग त्यांनी फाइलीतून एक कागद काढला. तो निळ्या रेघांचा कागद सिस्टरांनी लांबूनच ओळखला.

"सन्माननीय सदस्यांना वाटतं की आम्ही कार्यालयात बसून निर्णय घेतो. मी स्वतः अशा एका केंद्रात काम केलंय. तिथे सत्तावीस वर्षं सेवा करणाऱ्या सिस्टर, ज्यांना मी बहीण मानतो, त्या काय लिहितात ऐका. 'एकटीच्या जिवावर ही खोली चालवणं आता मला धोक्याचं वाटतं.' मागच्या वर्षी तिथलं एक बाळ वाटेत दगावलं. हेही त्यांनीच लिहिलंय. अजून किती बाळं जायची वाट बघायची?"

त्यांनी कागद घडी करून ठेवला. त्यांच्या बाजूची बाकं वाजली.

सिस्टर पुढच्या ओळीची वाट बघत होत्या. पुढचा प्रश्न सुरू झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, ती येणार नाही.

आठव्या महिन्यातल्या सुनेनं विचारलं, "सिस्टर, हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं. पण पुढे..."

"चल," सासू म्हणाली आणि सुनेला दंडाला धरून उठवलं. मागोमाग एकेक जण उठलं. ज्या घरातलं बाळ गेलं होतं, त्या घरातली आजी दारात थबकली. "आमचं दुःख असं चव्हाट्यावर मांडायचं होतं, तर आधी विचारायचं तरी." उत्तराला न थांबता ती गेली.

मावशी तेवढी उरली. "केसानं गळा कापला मेल्यानं," ती म्हणाली. सिस्टरांनी तिला गप्प केलं नाही.

आठवड्यानं सिस्टर मंत्र्यांच्या कार्यालयात गेल्या. चार तास बसल्यावर आत बोलावणं आलं. मंत्री उठून पुढे आले, चहा मागवला. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं, असं सिस्टर पुढे मावशीला म्हणाल्या.

"ताई, तुमचं नाव घेतलं नाही मी."

"तिथे सत्तावीस वर्षं असलेली सिस्टर एकच आहे. आणि पत्र फक्त तुमच्यासाठी होतं."

"तुम्ही लिहिलं नाही, असं एक अक्षर तरी मी वाचलं का?"

"पुढची ओळ का नाही वाचली?"

मंत्र्यांनी कप बशीत ठेवला. "एक्केचाळीस ठिकाणी डॉक्टर देणं शक्य नाही, ताई. निर्णय आधीच झाला होता."

"मग मला कशाला लिहायला लावलंत?"

मंत्र्यांनी सिस्टरांचा कप पुढे सरकवला. म्हणाले, "मोठ्या रुग्णालयात नव्या मुलींना शिकवायची जागा आहे. तुमच्यासाठी ठेवलीय."

"मला माझं पत्र परत द्या."

"ते आता सभागृहाच्या पटलावर आहे. परत मिळत नाही."

चहा तसाच ठेवून सिस्टर निघाल्या. सरळ त्या विरोधी सदस्यबाईंकडे गेल्या आणि पत्राचा घरचा कच्चा कागद त्यांच्या हातात दिला. त्याच अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी बाईंनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. मंत्री म्हणाले, धोरण अमलात आलेलं आहे. सिस्टरांना मात्र नोटीस आली, की सरकारी पत्रव्यवहार बाहेर का दिला याचा खुलासा करा. त्यांनी खुलासा लिहिला, 'पत्र माझं होतं.' एक वेतनवाढ थांबली.

तोवर बाळंतपणाच्या खोलीतलं टेबल ट्रकमधून गेलं होतं. सिस्टर केंद्रातच राहिल्या, लसी आणि गोळ्या देत. कुणाला कळा लागल्या की आता भाड्याची जीप थेट रुग्णालयाकडे जाई. त्या सुनेची जीप निघाली तेव्हा सिस्टर न बोलावता जाऊन तिच्याशेजारी बसल्या. सासूनं तोंड फिरवलं, पण उतरा म्हणाली नाही. अडीच तास सिस्टर सुनेची कंबर चोळत होत्या. रुग्णालयाच्या दारात सुनेला आत नेलं, आणि तिथल्या नर्सनं सिस्टरांना विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?"

"नाही," सासू म्हणाली.

सिस्टर बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलगी झाल्याचं कळल्यावर उठल्या आणि परतीची बस धरली.