सोलफ्रिडचा केक

सोलफ्रिड म्हणजे देशाच्या पार उत्तर टोकाला असलेल्या आमच्या मासळी कारखान्यातली सगळ्यात चिवट बाई. शाळा सुटल्यापासून कॉड मासे कापत आली. पुढे हात दुखायला लागले, वेग कमी झाला आणि सुपरवायझर ओडवारला आयतं खेळणं मिळालं. सगळ्यांदेखत ओरडायचा, "अगं, मासा मेलाय! गोंजारतेस काय त्याला?" लोक खिदळायचे. एकदा तर या मेल्यानं तिला शीतगृहात कोंडलं. गंमत म्हणे! बाहेर आली तेव्हा तिचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

कामगारांनी निवडलेली सुरक्षा प्रतिनिधी मी. माझं डोकंच फिरलं.

"तक्रार कर," मी म्हटलं. "कायदा आहे. छळ थांबवणं कंपनीला भागच आहे, आणि तक्रार केली म्हणून कुणी तुझ्या केसालाही धक्का लावू शकत नाही."

"नको गं टुरिड. मला फक्त पूर्वीसारखं सगळ्यांत बसून कॉफी प्यायचीय."

"पिशील की! मी आहे ना."

शेवटी तिनं तक्रार केली. चौकशीत ओडवारनं सगळं छाती काढून कबूल केलं. "आम्ही उत्तरेकडची माणसं, तोंडाला कुलूप नसतं, एवढंच!" कंपनीनं त्याला दूर दक्षिणेतल्या कारखान्यात हलवलं. पण गावातल्या पोरांना फुटबॉल तोच शिकवायचा. तो गेला आणि संघ मोडला. झालं, खापर फुटलं सोलफ्रिडवर.

ती कॉफीला आली की बोलणं बंद. एकेक जण कप उचलून उठायचा. एरवी शिवीशिवाय वाक्य न बोलणारी ही माणसं, तिला कुणी साधी शिवीही देईना.

तिचा वाढदिवस आला. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा. तिनं दलदल तुडवून वेचलेल्या पिवळ्या मुल्टे बेरी घातल्या होत्या, भरपूर क्रीम लावलं होतं. कुणी सुरीला हात लावला नाही.

"पोट बिघडलंय," अर्नफिन म्हणाला. तिच्या शेजारी उभा राहून जन्मभर मासे कापलेला माणूस!

"अरे, विष घातलंय का तिनं त्यात?" मी किंचाळले. मी एकटीच खात बसले, मळमळेपर्यंत.

व्यवस्थापकाकडे गेले. "हाही छळच आहे," म्हटलं.

"टुरिड, केक खाल्ला नाही म्हणून मी कुणावर काय कारवाई करू?"

मी दार आपटून बाहेर आले.

सोलफ्रिडनं नोकरी सोडली. मी खूप विनवलं. "दमले गं," एवढंच म्हणाली. निरोपाच्या दिवशीही जाणाऱ्यानंच केक आणायचा असतो. तिनं तसाच केला, मुल्टे घालून.

त्या दिवशी सगळे बसले. सगळ्यांनी खाल्ला. अर्नफिननं तर चमचा चाटला आणि म्हणाला, "मस्त झालाय हं, सोलफ्रिड."

तिचा चेहरा असा काही उजळला की माझ्यानं बघवेना.

"अजून आहे की," ती घाईघाईनं म्हणाली. "घे ना, घे."